लाँचच्या शाफ्टमधून आवाज येतोय? दोष शोधायची पद्धत

पानशेत, मुळशी, पवना किंवा उजनीचा फुगवटा, कुठेही डिझेल लाँच नव्याने ताब्यात घेतली की एक अडचण हमखास येते. इंजिन बिघडलं तर गावात ट्रॅक्टरचा मेकॅनिक असतो. इंजेक्टर, पंप, हेड ही त्याची रोजची कामं. लेथवाल्यांची तर पुण्यात कमतरताच नाही. पण गिअरबॉक्सच्या मागे जे सुरू होतं, म्हणजे कपलिंग, शाफ्ट (पंखा फिरवणारा लांब दांडा), ग्लँड, पाण्याखालचं बेअरिंग आणि पंखा (प्रोपेलर), ते रोज हाताळणारी माणसं घाटाखाली, हर्णै-रत्नागिरीच्या बंदरांत. त्यामुळे इकडे आवाज आला की अंदाजाने भाग बदलले जातात. गिअरबॉक्स उतरवला, भोसरीला नेला, खोलून परत बसवला आणि आवाज तसाच. मग कधीतरी कळतं की इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचं रबर बसलं होतं. हे मी अनेकदा होताना पाहिलं आहे. यात पैसा जातो, सीझन जातो आणि चांगला गिअरबॉक्स विनाकारण उघडला जातो.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: कुठला भाग बिघडला हे विचारण्याआधी आवाज कशाबरोबर बदलतो ते विचारा. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, शाफ्टच्या फेऱ्यांबरोबर, की बोटीवर येणाऱ्या भाराबरोबर? याचं उत्तर मिळालं की संशयितांची यादी अर्ध्यावर येते.

बोटीला मागे आउटबोर्ड इंजिन लावलेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याची रचना वेगळी असते. इथे आतल्या इंजिनाची, लांब शाफ्टची लाँच धरली आहे.

आधी मागची साखळी ओळखा

फळ्या उचला आणि टॉर्च घेऊन पुढून मागे बघत जा. इंजिनाच्या फ्लायव्हीलला डँपर प्लेट, म्हणजे इंजिनाचे झटके शोषणारी स्प्रिंगांची चकती असते, ती बाहेरून दिसत नाही. तिच्यामागे गिअरबॉक्स, मग दोन चकत्या बोल्टने जोडलेलं कपलिंग, मग शाफ्ट. शाफ्ट जिथे बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथे स्टफिंग बॉक्स, म्हणजे आपली ग्लँड. तिच्यात ग्रीस-ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचं पॅकिंग असतं आणि ते थेंबांपलीकडे पाणी आत येऊ देत नाही. बाहेर, पाण्याखाली, ब्रॅकेटमध्ये कटलेस बेअरिंग. आत रबराचं अस्तर आणि त्यात लांब खाचा. या बेअरिंगला तेल किंवा ग्रीस लागत नाही, खाचांतून वाहणारं पाणी हेच त्याचं वंगण. शेवटी पंखा, त्याची चावी (पंखा शाफ्टवर घसरू न देणारी धातूची पट्टी) आणि नट.

हे बघत असतानाच एक काम उरकून टाका. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची) नळी शाफ्टला घासते आहे का? एखादा पाना, वायरचा तुकडा, सुटलेला क्लँप फळीखाली नाचतो आहे का? एक्झॉस्टचा पाइप कुठे टेकतो आहे का? लाकडी किंवा फायबरच्या पोकळ बोटीत आवाज भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो, आणि अशा क्षुल्लक कारणांसाठी शाफ्ट काढलेला मी पाहिला आहे.

जिवाची काळजी

शाफ्ट फिरत असताना त्याच्याजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातला गमछा, मोकळे केस चालणार नाहीत. फिरत्या शाफ्टला किंवा कपलिंगला हात लावायचा नाही. ग्लँडला हात लावून बघायचा तोही इंजिन बंद करून. पंख्याजवळ काहीही करायचं असेल तर इंजिनाची किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्या खिशात, आणि एक माणूस काठावर किंवा बोटीत लक्ष ठेवायला. लाइफ जॅकेट घालूनच बोटीत चढा, चाचणीच्या दिवशीही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पानशेत, वरसगाव, खडकवासला ही पुण्याची पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत. बोटीच्या तळातल्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ते पंपाने धरणात फेकू नका. कापडाने, स्पंजाने तेल टिपून डब्यात काढा. गिअरबॉक्सचं तेल गळत असेल तर आवाजाची चाचणी नंतर, गळती आधी.

थोडं गणित

गिअरबॉक्सच्या पाटीवर गुणोत्तर लिहिलेलं असतं. समजा ते २.५:१ आहे. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर आयडल चालत असेल तर शाफ्ट मिनिटाला ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५. पंख्याला तीन पाती असतील तर पात्यांचे ठोके सेकंदाला १५. चार सिलिंडरच्या इंजिनात याच वेगाला सेकंदाला २५ स्फोट होतात. आकडे इतके वेगळे असल्यामुळे ते वेगळे काढता येतात. फोनवर १० सेकंद आवाज रेकॉर्ड करा आणि हळू वेगाने ऐका. ठोके ५०च्या आसपास भरले तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो आहे. १५०च्या आसपास असतील तर पंख्याच्या पात्यांकडे बघा. तुमच्या बोटीचे आकडे काढून डॅशबोर्डजवळ चिकटवून ठेवा.

बांधलेल्या बोटीवर चाचणी

जागा निवडताना घाई करू नका. धरणाच्या काठाला मुरूम आणि गाळ असतो. उथळ पाण्यात पंखा फिरवला तर तो खडे-गाळ वर खेचतो, आणि तोच गाळ कटलेस बेअरिंगमध्ये जाऊन रबर खरवडतो. पंख्याखाली भरपूर पाणी असेल अशा ठिकाणी पुढून-मागून मजबूत दोर बांधा. बांधलेल्या बोटीवर अर्ध्यापेक्षा जास्त थ्रॉटल देऊ नका.

सुरुवात न्यूट्रलमध्ये. आयडलवर ऐका, मग फेरे हळूहळू वाढवा. शाफ्ट थांबलेला आहे, त्यामुळे इथे ऐकू येईल ते इंजिन, डँपर प्लेट किंवा गिअरबॉक्सचंच. आयडलला खडखड येते आणि थोडे फेरे वाढवताच ती विरते, असं असेल तर डँपर प्लेटच्या स्प्रिंगा सैल झाल्याची शक्यता मोठी. नवखा माणूस यालाच शाफ्टचा आवाज समजतो.

मग पुढचा गिअर टाका, पुन्हा आयडल, पुन्हा हळू वाढ. मग मागचा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: गिअर, फेरे, आवाज. आवाज फक्त पुढे जाताना येतो की दोन्हीकडे? एखाद्या ठरावीक फेऱ्यांवर वाढून पुढे कमी होतो का? तसं असेल तर ते बहुधा कंपनांचं जुळणं, आणि त्याचं मूळ माउंट किंवा कपलिंगमध्ये सापडतं.

दरम्यान कुणीतरी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी काठी घ्यावी. टोक गिअरबॉक्सच्या अंगावर, ग्लँडच्या स्थिर भागावर, स्टर्न ट्यूबजवळच्या (शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो तिच्याजवळच्या) लाकडावर टेकवून दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला लावावं. फिरत्या भागाला काठी लावायची नाही. आवाज कुठे सर्वात टोकदार येतो ते कळतं.

मग दोर सोडून मोकळ्या पाण्यात जा. चांगला वेग घ्या, थ्रॉटल आयडलला आणा आणि न्यूट्रल टाका. बोट घसरत असते, पाण्याच्या ओघाने पंखा थोडा वेळ फिरत राहतो. आवाज अजूनही चालू असेल आणि बोटीबरोबर मंदावत गेला, तर दोष शाफ्ट, बेअरिंग किंवा पंख्यात आहे. न्यूट्रल टाकताक्षणी थांबला, तर भाराखाली येणारा आवाज: कपलिंग, माउंट, गिअरबॉक्स. या एका चाचणीवर माझा सर्वात जास्त भरवसा आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

एवढ्यावरही उत्तर मिळालं नाही तर कपलिंग सोडून इंजिन गिअरमध्ये चालवून बघतात. आवाज राहिला तर पुढचा दोष, गेला तर मागचा. हे जाणकार माणूस बरोबर असल्याशिवाय करू नका. कपलिंग सोडल्यावर शाफ्ट मागे सरकू शकतो, आणि तो ग्लँडमधून निसटला तर तिथून थेट पाणी आत येतं. म्हणून बोल्ट काढायच्या आधी ग्लँडच्या पुढे शाफ्टवर घट्ट क्लँप बसवायचा, आणि इंजिन सुरू करताना दोन चकत्या एकमेकींना लागणार नाहीत इतकं अंतर ठेवायचं.

कुठला आवाज, कुठला संशय

गिअर टाकताना होणारा हलका ठक नैसर्गिक आहे. तो लोखंडी, जड झाला असेल तर कपलिंगचे बोल्ट, शाफ्टची चावी, पंख्याचा नट आणि माउंट तपासा. इंजिन बंद करून कपलिंगच्या फटीजवळ हाताचं बोट फिरवा. तांबूस-लाल भुकटी लागली तर तिथे दोन भाग एकमेकांवर हलत आहेत. मग कपलिंगवरून शाफ्टवर जाणारी एक सरळ रेघ रंगाच्या मार्करने ओढा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर शाफ्ट कपलिंगमध्ये सरकतो आहे. तशा अवस्थेत बोट बाहेर काढू नका, कारण मागच्या गिअरमध्ये पंखा शाफ्टला मागे खेचतो आणि तो कपलिंगमधून बाहेर येऊ शकतो.

कमी फेऱ्यांवर चिरकल्यासारखा, कर्कश आवाज आला तर दोन जागा: ग्लँड किंवा कटलेस बेअरिंग. आधी ग्लँड, कारण ती हाताशी आहे. शाफ्ट फिरताना पारंपरिक ग्लँडमधून मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, ते पाणीच तिला थंड ठेवतं. एकही थेंब नको म्हणून नट करकचून आवळणं ही इकडे सर्रास दिसणारी चूक. इंजिन बंद करून हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पॅकिंग जळतं आहे आणि शाफ्टवर खाच पडते आहे. तुमच्या बोटीत रबरी बेलोचं, थेंब न पडणारं सील असेल तर हा नियम लागू नाही. ते आवळायचं नसतं. त्याला पाणी पोचतं आहे ना, एवढं बघायचं.

ग्लँड थंड आहे आणि चिरकणं मागून, पाण्याखालून येतं आहे, तर बेअरिंगला पाणी मिळत नाही. खाचांत गाळ बसलेला असतो किंवा तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेलं असतं. नव्या बेअरिंगमध्येही सुरुवातीला अगदी मंद फेऱ्यांवर थोडं चिरकणं येतं, ते फेरे वाढताच जातं. काठावर ओढलेल्या बोटीचा शाफ्ट मात्र इंजिनाने फिरवून बघू नका. कोरडं रबर काही क्षणांत करपतं.

तंगुसाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या धरणांवर, विशेषतः भिगवणच्या बाजूला, मासेमारीची जाळी सगळीकडे असतात आणि उजनीत जलपर्णीही आहे. जलपर्णी पंख्यात अडकली की बोट जड होते, इंजिन दबतं, थरथर येते. न्यूट्रल टाकून थोडं मागे-पुढे केलं की बऱ्याचदा ती सुटते. तंगूस तसं सुटत नाही. ते शाफ्टवर गुंडाळत जातं, पंखा आणि बेअरिंगच्या मधल्या फटीत शिरतं, घर्षणाने वितळतं आणि प्लास्टिकचं कडक कडं तयार होतं. सुरुवातीला बारीक खरखर, मग चिरकणं, मग बेअरिंगच खराब. जाळ्यावरून गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी इंजिन बंद करून पंखा बघा आणि दोरा पूर्ण कापून काढा. अर्धवट राहिलेला तुकडा पुन्हा काम सुरू करतो. ज्याचं जाळं तुटलं त्याला भेटून सांगा, तो त्याच्या पोटाचा प्रश्न असतो.

फेरे वाढतील तशी वाढत जाणारी थरथर आणि घरघर हा सर्वात गोंधळात टाकणारा प्रकार. वाकलेला शाफ्ट, वाकलेलं पातं, झिजलेलं बेअरिंग, बिघडलेलं अलाइनमेंट (शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत नसणं), चौघांचाही आवाज जवळपास सारखा. तो अचानक सुरू झाला का, हे आधी आठवा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं तेव्हा एरवी खोल असलेले झाडांचे बुंधे, जुनी बांधकामं, पळसदेवचं मंदिरसुद्धा वर येतं. जिथे महिनाभरापूर्वी बिनधास्त गेलात तिथे पंखा आपटू शकतो. आपटल्यानंतर लगेच आलेली थरथर म्हणजे आधी पातं आणि शाफ्ट. हळूहळू, महिन्यांत वाढत आलेली थरथर म्हणजे आधी बेअरिंग, माउंट आणि अलाइनमेंट. शाफ्टवर अ‍ॅनोड (गंज स्वतःवर घेऊन झिजणारा धातूचा तुकडा) बसवलेला असेल तर तो सैल झाला आहे का हेही बघा, एका बाजूने झिजलेला अ‍ॅनोड तोल बिघडवतो. कोकणातून आणलेल्या बोटीला जस्ताचा अ‍ॅनोड असतो. गोड्या पाण्यात तो नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा लागतो.

जोरात थ्रॉटल दिल्यावर बोटीच्या बुडावर खडे आपटल्यासारखा आवाज येतो, तो पंख्याभोवती पाण्याची वाफ होऊन तिचे बुडबुडे फुटल्याचा. पात्याची कड चेपलेली असेल किंवा पंखा बोटीच्या मानाने लहान असेल तर हे होतं, आणि पात्यावर बारीक खड्डे दिसू लागतात. आणि क्वचित, एखाद्या ठरावीक फेऱ्यांवर एकच सूर शिटीसारखा लागतो. तो पात्याच्या मागच्या कडेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे. पंख्याचं काम जाणणारा कारागीर ती कड योग्य कोनात घासून देतो. स्वतः कानस चालवू नका.

हाताने तपासणी

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं की बोट काठावर घेणं सोपं असतं. पाण्याखालच्या भागांची तपासणी तेव्हाच उरका.

पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. कटलेसमध्ये थोडी फट असणारच. शाफ्टच्या व्यासाच्या ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २५ मि.मी. शाफ्टला १ मि.मी.पर्यंत, चालतं. त्यापुढे बेअरिंग बदला. रबर एकाच बाजूने झिजलं असेल तर फक्त बेअरिंग बदलून थांबू नका. अलाइनमेंट तिरकं आहे, नवंही तसंच झिजेल.

पात्यांसाठी एक काठी जमिनीत रोवून तिचं टोक पात्याच्या टोकाजवळ आणा आणि न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवा. प्रत्येक पातं तेवढ्याच अंतरावरून गेलं पाहिजे. फिरवताना शाफ्ट एखाद्या जागी जड लागतो का, हेही हाताला कळेल. दर फेऱ्याला त्याच जागी जड लागत असेल तर वाकल्याचा संशय धरा.

अलाइनमेंट मात्र काठावर कधीच बघायचं नाही. जमिनीवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो, आणि तो किंचित फरकच इथे मोजायचा असतो. बोट पाण्यात सोडून एक दिवस जाऊ द्या. मग कपलिंगचे बोल्ट काढा (वर सांगितलेला क्लँप लावूनच), शाफ्टचं वजन खालून उचलून धरा, दोन चकत्या जवळ आणा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. १०० मि.मी. व्यासाच्या कपलिंगला चार जागांतला फरक ०.१ मि.मी.च्या आत हवा. आता शाफ्टची चकती अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट होती त्याच जागी राहिली, उदाहरणार्थ खालीच, तर इंजिन वर-खाली करून माउंट जुळवायचे. फट शाफ्टबरोबर फिरून वर आली, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा कपलिंगचा चेहरा (चकतीची सपाट बाजू) सरळ नाही, आणि माउंट कितीही हलवले तरी उपयोग नाही.

लेथवाल्याकडे जाताना

भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत कारागीर उत्तम आहेत, पण बोटीचा शाफ्ट त्यांच्याकडे क्वचित येतो. नुसतं “शाफ्ट बघा” म्हणू नका. शाफ्ट, कपलिंग, पंखा आणि चावी एकत्र न्या आणि नेमकं सांगा: व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने तीन-चार ठिकाणी वाक मोजा, कपलिंग शाफ्टवर बसवून मगच त्याचा चेहरा लेथवर तपासा, पंख्याचा टेपर निळा रंग लावून किती बसतो ते बघा, पंख्याचा तोल बघा. ग्लँडखाली शाफ्टला खाच पडली असेल तर तीही दाखवा. शाफ्ट घणाने ठोकून सरळ करायला होकार देऊ नका. स्टेनलेसच्या जागी साधं लोखंड घेऊ नका, स्वस्त पडलं तरी.

परत पाण्यात

नवं पॅकिंग एका लांब दोरीने गुंडाळून भरायचं नसतं. प्रत्येक कडं वेगळं कापून, जोड एकमेकांवर येणार नाहीत असे बसवा. नट आधी हातानेच घट्ट करा, बोट पाण्यात सोडा, पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा, थेंब मोजा, इंजिन बंद करून ग्लँडला हात लावा, मग नट किंचित आवळा. सहा बाजूंच्या नटाची एक बाजू फिरेल इतकंच. पुन्हा चालवा, पुन्हा मोजा. पहिल्या काही तासांच्या चालवण्यानंतर कपलिंगचे आणि माउंटचे बोल्ट एकदा परत तपासा, रंगाची रेघ जुळते आहे का बघा, आणि न्यूट्रल टाकून बोट घसरू द्यायची चाचणी तशीच पुन्हा करा. जुन्या नोंदीशेजारी नवी नोंद लिहा.

वाटेत कधी अचानक जोरदार हादरे सुरू झाले तर थ्रॉटल खाली, न्यूट्रल, इंजिन बंद, आणि लगेच फळी उचलून ग्लँडजवळ पाणी येतं आहे का ते बघा. दुसऱ्या बोटीने ओढत नेण्याची वेळ आली तर शाफ्ट दोराने बांधून फिरणं बंद करा. इंजिन बंद असताना अनेक गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, आणि ओढताना पंख्याने फिरणारा शाफ्ट त्याची बेअरिंगं जाळू शकतो.